दर पाच मिनिटांनी सर्व्हर अडखळतो पण सीपीयू मोकळाच दिसतो: टीएलबी शूटडाउन कसा पकडायचा

आधी लक्षण सांगतो, तुमचंही हेच असेल तर पुढे वाचा, नाहीतर उगाच वेळ घालवू नका. एकच प्रोसेस, त्यात साठेक थ्रेड, मशीन दोन सॉकेटचं ६४ कोअरवालं, वर लिनक्स, सर्व्हिस सी प्लस प्लसमधली. सरासरी रिस्पॉन्स टाइम मस्त, सीपीयू पन्नास-पंचावन्न टक्के, मेमरी भरपूर शिल्लक, स्वॅप बंद, डिस्क गप्प, नेटवर्क कार्डावर एक पॅकेट ड्रॉप नाही. आणि तरी दर पाच मिनिटांनी दोन-तीन सेकंद पी९९ (शंभरातल्या ९९ रिक्वेस्ट जेवढ्या वेळात उरकतात तो आकडा) जो एरवी ४ मिलिसेकंद असतो तो उडी मारून २०-२५ च्या घरात जातो, मग परत शांत, जसं काही झालंच नाही.

हे दुखणं आमच्याकडे दीड वर्षात दोनदा आलं आणि एकदा शेजारच्या टीमकडे, तिन्ही वेळा मूळ एकच, टीएलबी फ्लश, म्हणजे प्रत्येक कोअरजवळची ॲड्रेसची वही पुसली जाणं, पण तो करायला लावणारा दरवेळी वेगळा. त्यामुळे 'हे सेटिंग बदला, बरं होईल' असं एका ओळीचं औषध माझ्याकडे नाहीये. कोण करतोय ते कसं शोधायचं एवढं मात्र आता झोपेतही सांगता येतं, तेच लिहितोय.

टीएलबी काय असतं हे ज्यांना माहितीये त्यांनी पुढचे दोन पॅरे सोडले तरी चालतील. प्रोग्राम जो ॲड्रेस वापरतो तो खरा नसतो, व्हर्च्युअल असतो, खरी जागा रॅममधे कुठे ते पेज टेबलात लिहिलेलं असतं, आणि एक्स८६ वर ते टेबल साधारण चार मजली, म्हणजे एक ॲड्रेस शोधायला चारदा मेमरी वाचायची. दरवेळी हे करायला लागलं तर झालंच कल्याण, म्हणून प्रत्येक कोअर सापडलेल्या उत्तरांची एक छोटी वही स्वतःजवळ ठेवतो, ती टीएलबी, ट्रान्सलेशन लुकअसाइड बफर. छोटी म्हणजे खरंच छोटी, इंटेलच्या स्कायलेकवर पहिल्या पातळीला डेटासाठी ६४ नोंदी आणि दुसऱ्या पातळीला १५३६, चार केबीच्या पानांनी मोजलं तर १५३६ म्हणजे जेमतेम ६ एमबी.

आता गोची इथे आहे. साधा डेटा कॅश हार्डवेअर आपणहून जुळवून ठेवतं, एका कोअरने लिहिलं की बाकीच्यांकडची जुनी कॉपी रद्द. टीएलबीला एक्स८६ वर ही सोय नाही. तलाठ्याकडे फेरफार झाला म्हणून तुमच्या कपाटातला जुना सातबारा काही आपोआप बदलत नाही ना, तसंच. मग कर्नलने काय करायचं, ज्याच्या ज्याच्याकडे त्या जमिनीचा उतारा असू शकतो त्या प्रत्येकाच्या दारात माणूस पाठवायचा, 'तुझ्याकडचा कागद फाड', आणि सगळ्यांनी 'फाडला' म्हटल्याशिवाय ती जमीन दुसऱ्याच्या नावावर करायची नाही, नाहीतर जुना उतारा घेऊन कोणीतरी दुसऱ्याच्या शेतात नांगर घालणार. हा माणूस पाठवणं म्हणजे आयपीआय, इंटर प्रोसेसर इंटरप्ट, आणि या अख्ख्या प्रकाराला म्हणतात शूटडाउन.

यात अन्याय कुठे होतो बघा. ज्या थ्रेडने मेमरी सोडली तो उत्तरं येईपर्यंत थांबतो, ते ठीक, त्याने केलं त्याने भरलं. पण बाकीचे साठ थ्रेड ज्यांनी काहीच केलेलं नाही त्यांच्या हातातलं काम मधेच थांबतं, इंटरप्ट घ्यायचा, वही पुसायची, परत कामाला लागायचं आणि आता वही कोरी म्हणून प्रत्येक ॲड्रेसला परत चार मजले चढायचे. म्हणून हळू झालेल्या थ्रेडचा प्रोफाइल कितीही वेळ बघा, काही सापडत नाही, तिथे तुमचाच नेहमीचा कोड दिसतो, फक्त सगळीकडे थोडा थोडा जाड झालेला. आम्ही पहिल्या वेळी अख्खे तीन दिवस तेच बघत बसलो होतो.

पहिली केस सविस्तर सांगतो कारण शिकायला तिच्यातूनच मिळालं. रात्री अकराला आमच्या ऑन-कॉलवाल्या पोराचा फोन, "दादा, परत आलं." मी म्हटलं ग्राफ पाठव. पाठवला तर कंगव्याचे दात, पाच-पाच मिनिटांवर एकेक दात, इतके सरळ की बघूनच कळतं कोणीतरी टायमर लावलाय. दर पाच मिनिटांनी आमच्याकडे एकच गोष्ट होते, एक लोडर थ्रेड कॅटलॉगची नवीन फाइल वाचतो, साधारण ३ जीबीची, आणि नवीन टेबल तयार करून जुन्याच्या जागी बसवतो. म्हणजे लोडर संशयित होताच, पण तो तर एकच थ्रेड, वेगळ्या कोअरवर पिन केलेला, वर्करशी एकही लॉक शेअर करत नाही, मग एकटा माणूस साठ जणांना कसा अडवणार? इथेच आम्ही फसलो. आधी डिस्कवर आरोप केला, मग सीपीयूच्या फ्रिक्वेन्सी गव्हर्नरवर, मग एकाने आयसोलसीपीयूज हे कोअर वेगळे काढायचं कर्नलचं सेटिंग लावून बघितलं, काही फरक नाही. फरक पडणारच नव्हता. कोअर वेगळा केला तरी ॲड्रेस स्पेस एकच, आणि आयपीआय जातो तो त्या ॲड्रेस स्पेसवर जे जे कोअर काम करतायत त्या सगळ्यांना. नोएचझेड फुल या सेटिंगचंही तेच, टायमरची टिकटिक थांबते, शूटडाउन थांबत नाही.

शेवटी सापडलं ते अगदी साध्या जागी. प्रोक या कर्नलची माहिती देणाऱ्या फोल्डरखाली इंटरप्ट्स नावाची जी फाइल आहे ती उघडा आणि पार खाली जा, टीएलबी अशी एक ओळ असते, पुढे प्रत्येक कोअरचा आकडा आणि शेवटी टीएलबी शूटडाउन्स असं लिहिलेलं. तो आकडा बूट झाल्यापासूनचा असतो, कोटीतसुद्धा असू शकतो, नुसता बघून घाबरू नका. अडखळायच्या आधी एकदा आणि नंतर एकदा घ्या आणि वजाबाकी करा. आमची वजाबाकी आली प्रत्येक वर्कर कोअरवर १५ हजार ८०० च्या आसपास, आणि सगळ्या कोअरवर जवळजवळ सारखीच. हे सारखं असणं महत्त्वाचं आहे, प्रत्येक थ्रेड स्वतःच्या कर्माने त्रास देत असता तर आकडे वर-खाली झाले असते, सगळ्यांना सारखेच आलेत म्हणजे पाठवणारा एकच आहे.

आणि मग त्या पोरानेच चहा पिता पिता कॅल्क्युलेटरवर केलं, ३ जीबी म्हणजे ३०७२ एमबी, लोडर वाचतो २०० केबीच्या तुकड्यांनी, भागाकार १५ हजार ७२९. दोघं एकमेकांकडे बघत बसलो. दर तुकड्यामागे एक शूटडाउन.

पक्कं करायला पर्फ हे लिनक्सचं प्रोफाइलिंगचं साधन वापरलं. पर्फ रेकॉर्डला इव्हेंट द्यायचा टीएलबी कोलन टीएलबी अंडरस्कोर फ्लश, डॅश ए लावून सगळी मशीन, डॅश जी लावून स्टॅक, आणि अडखळण्याच्या वेळेलाच दहा सेकंद चालवायचा. इथे एक खड्डा आहे ज्यात सगळे पडतात, आम्हीही पडलो. या इव्हेंटला रीझन म्हणून एक आकडा असतो. १ म्हणजे रिमोट शूटडाउन, 'माझ्या दारात माणूस आला', आणि ४ म्हणजे रिमोट सेंड आयपीआय, 'मी माणूस पाठवला'. साठ कोअरवर साठ वेळा १ दिसतो आणि एकदाच ४, त्यामुळे रिपोर्ट उघडला की वरचा सगळा ढीग बळींचा असतो आणि गुन्हेगार कुठेतरी तळाशी दीड टक्क्यावर. रीझन ४ वर फिल्टर लावा आणि फक्त तेवढेच स्टॅक बघा. आमच्याकडे सगळेच्या सगळे लोडरचे निघाले: खाली फ्री, त्यावर एमअनमॅप (घेतलेली मेमरी कर्नलला परत देणारा कॉल), त्यावर टीएलबी फिनिश एमएम, त्यावर फ्लश टीएलबी एमएम रेंज. आणि पेजेस या रकान्यात उणे १. उणे १ म्हणजे एकेक पान नाही, अख्खी वही पुसा.

आता प्रश्न दोन, फ्री केल्यावर दरवेळी एमअनमॅप का, आणि अख्खी वही का.

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. एक्स८६ वर कर्नल बघतो किती पानं रद्द करायचीत. ३३ पर्यंत असतील तर इन्व्हलपीजी ही इन्स्ट्रक्शन एकेका पानासाठी चालवतो, त्याच्या वर गेलं की म्हणतो जाऊदे, त्या प्रोसेसचं सगळंच पुसा. हा ३३ चा आकडा डेव्ह हॅन्सनने २०१४ साली ठरवला आणि तो डीबगएफएस या कर्नलच्या डीबगिंगच्या फोल्डरमधे एक्स८६ खाली टीएलबी सिंगल पेज फ्लश सीलिंग या नावाने बदलताही येतो. आमचा तुकडा २०० केबी म्हणजे ५० पानं, मॅलॉकचं स्वतःचं हेडर धरून ५१. सीलिंगच्या वर, म्हणून दरवेळी सगळं साफ. तुकडा १२८ केबीचा असता तर ३२ पानं आणि हेडरचं एक, म्हणजे बरोब्बर ३३, आणि आमचं दुखणं कदाचित निम्म्यावर आलं असतं आणि आम्ही ते कधी शोधलंही नसतं!

पहिल्याचं उत्तर जास्त मजेदार आहे. जीलिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीचा मेमरी वाटणारा मॅलॉक १२८ केबी किंवा त्याहून मोठी मागणी आली की हीपमधून न देता सरळ कर्नलकडून एममॅप करून आणतो आणि फ्री केलं की एमअनमॅप करून टाकतो. पण तो मूर्ख नाहीये, असा एक तुकडा फ्री झाला की तो शिकतो, 'हा माणूस या साइजचे तुकडे घेतो-सोडतो' आणि मर्यादा त्या साइजपर्यंत वर सरकवतो, ६४ बिटवर ३२ एमबीपर्यंत, म्हणजे दुसऱ्या तुकड्यापासून सगळं हीपमधून मिळायला हवं आणि एमअनमॅप बंद व्हायला हवा. आमच्याकडे होत नव्हता. का, तर सर्व्हिस सुरू करणाऱ्या सिस्टमडीच्या युनिट फाइलमधे कधीकाळी कोणीतरी मॅलॉक एममॅप थ्रेशोल्ड हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल टाकून ठेवलेलं, किंमत १३१०७२. आता १३१०७२ म्हणजे १२८ केबीच, म्हणजे जी डिफॉल्ट आहे तीच किंमत, वाचणारा प्रत्येकजण म्हणणार की याने काय होतंय, आहे तेच तर लिहिलंय. पण तुम्ही ही किंमत हाताने दिली, कुठलीही दिली, की मॅलॉकचं ते शिकणं बंद पडतं. मॅलऑप्टच्या मॅन पेजवर हे स्पष्ट लिहिलंय, पण ते कोण वाचतं. ज्याने टाकलं त्याचा हेतू चांगलाच होता, मेमरी फुगू नये, वापरलेली ओएसला परत जावी. गेली की परत, दर पाच मिनिटांनी पंधरा हजार वेळा.

उपाय दोन ओळींचा: व्हेरिएबल काढलं, आणि लोडरमधे बफर लूपच्या बाहेर एकदाच घेऊन तोच परत परत वापरला. दुसऱ्या दिवशी वजाबाकी काही शेकड्यांवर आणि ग्राफ सपाट. खरं तर बफरचा बदल एकटाच पुरला असता, व्हेरिएबल काढलं ते उद्या दुसरा कोणी दुसऱ्या थ्रेडमधे तेच करेल म्हणून.

मधे एक उद्योग करून बघितला तोही सांगतो कारण गूगल केलं की तोच सल्ला आधी मिळतो. सीलिंग ३३ वरून ६४ केलं. वही पूर्ण पुसली जाणं थांबलं, वर्करचे डीटीएलबी मिसेस (डेटाच्या वहीत नोंद न सापडण्याचे प्रसंग) खाली आले, पण आता प्रत्येक कोअरवर दर इंटरप्टला ५१ वेळा इन्व्हलपीजी, म्हणजे इंटरप्टमधला मुक्काम वाढला आणि इंटरप्टची संख्या तेवढीच राहिली. पी९९ थोडा सुधारला, बरा झाला नाही. ज्याच्या दारात पंधरा हजार वेळा माणूस येतो त्याला तो आत येऊन काय करतो यापेक्षा तो येतोच का हा प्रश्न जास्त महत्त्वाचा. आणि हे सेटिंग सगळ्या मशीनला लागतं, एका प्रोसेससाठी नाही, त्यामुळे मी तरी त्याला हात लावू नका म्हणेन.

अजून एक, यात गल्लत होते ती एममॅप लॉकची, म्हणजे अख्ख्या ॲड्रेस स्पेसला मिळून असलेल्या एका कुलुपाची. लक्षण अगदी सारखं, एक थ्रेड मेमरी मॅप-अनमॅप करतो आणि बाकीचे अडकतात, पण कारण वेगळं. वर्करच्या स्टॅकमधे पेज फॉल्ट आणि त्यावर आरडब्ल्यूसेम डाउन रीड दिसलं तर ते लॉकवर थांबलेत, टीएलबीचा तिथे दोष नाही. लॉकवर थांबलेला थ्रेड झोपतो आणि शूटडाउनवाला झोपत नाही, चालूच असतो पण हळू, हा साधा फरक धरून ठेवा. ६.४ पासून कर्नलमधे व्हीएमएनिहाय, म्हणजे मेमरीच्या प्रत्येक मॅप केलेल्या पट्ट्याला वेगळे, लॉक आलेत त्यामुळे एक्स८६ वर पेज फॉल्टचं हे भांडण बरंच कमी झालंय, जुन्या कर्नलवर असाल तर दोन्ही एकदम भेटतील.

दुसरी केस चार महिन्यांनी. ऑन-कॉलवाला तोच, वाक्य तेच, "दादा, परत आलं." यावेळी कंगवा नव्हता, दात कुठेही, कधी सेकंदाला तर कधी अर्ध्या मिनिटाने. सरळ रीझन ४ चे स्टॅक काढले, दहा मिनिटांत समजलं. फ्लश करणारे आमचेच वर्कर होते पण एमअनमॅपमधून नाही, टास्क न्यूमा वर्क नावाच्या फंक्शनमधून, तिथून चेंज प्रोटेक्शन आणि तिथून फ्लश. हे ऑटोमॅटिक न्यूमा बॅलन्सिंग (न्यूमा म्हणजे प्रत्येक सॉकेटची स्वतःची जवळची मेमरी असलेली रचना). कर्नलला बघायचं असतं की कुठलं पान कुठल्या सॉकेटवरून जास्त वापरलं जातंय, म्हणून तो मुद्दाम पानांची परवानगी काढून घेतो, कोण ठोठावतं ते बघतो आणि गरज पडली तर पान दुसऱ्या सॉकेटवर हलवतो. एका फेरीत डिफॉल्टने २५६ एमबी. परवानगी काढली की सगळ्यांकडची जुनी नोंद रद्द करणं आलंच. म्हणजे ज्याने वेग वाढावा म्हणून सोय केली तोच साठ जणांच्या वह्या पुसतोय. नवीन ओएस इमेजमधे ते चालू होतं, जुन्या इमेजमधे कोणीतरी बंद केलेलं आणि कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, नेहमीचंच. प्रोकखालच्या व्हीएमस्टॅट फाइलमधे न्यूमा पीटीई अपडेट्स हा आकडा पळत असेल तर हाच मामला समजा. आम्ही सिसकंट्रोलने कर्नल डॉट न्यूमा बॅलन्सिंग शून्य केलं, पण त्याआधी न्यूमासीटीएलने प्रोसेस दोन भागांत तोडून एकेका सॉकेटला बांधली. नुसतं शून्य करू नका, पानं चुकीच्या सॉकेटवर पडून राहिली तर दर वाचनाला पलीकडच्या सॉकेटवर चक्कर आणि मग ते याहून वाईट.

याच जातीचे बाकीचे पटापट सांगतो. केह्यूजपेजड हा कर्नलचा थ्रेड दर १० सेकंदांनी उठून छोटी पानं गोळा करून २ एमबीचं मोठं पान करायला बघतो, स्टॅकमधे कोलॅप्स ह्यूज पेज दिसेल. कॉम्पॅक्शन सलग मोकळी जागा करायला पानं हलवतं. फोर्क केलं तर कॉपी-ऑन-राइटसाठी सगळं रीड-ओन्ली करायला लागतं, मग फ्लश. मॅलॉकच्या जागी जेईमॅलॉक वापरत असाल तर तो मोकळी पानं डिफॉल्टने साधारण १० सेकंदांच्या हिशेबाने एमॲडव्हाइज डोन्टनीड वगैरे करून परत देतो, तिथे डर्टी डिके वाढवून बघा. गो भाषेच्या रनटाइममधला स्कॅव्हेंजरही एमॲडव्हाइजच करतो.

तिसरी केस शेजारच्या टीमची आणि ती सगळ्यात फसवी. त्यांचा एकच थ्रेड, आयसोलेटेड कोअरवर, नुसता पोलिंग करत बसलेला, त्या कोअरवर दुसरं कोणी नाही, ॲड्रेस स्पेसही कोणाशी शेअर नाही. तरी अधूनमधून काही मायक्रोसेकंदांचे झटके. मी मोठ्या तोऱ्यात जाऊन टीएलबीची ओळ बघितली, शून्य वाढ. तोरा उतरला. मग त्याच फाइलमधे वरच्या बाजूला कॅल म्हणून ओळ आहे, फंक्शन कॉल इंटरप्ट्स, ती झटक्यागणिक एकाने वाढत होती. कर्नलची स्वतःची मेमरी, व्हीमॅलॉकने घेतलेली, ती सगळ्याच कोअरवर सगळ्याच प्रोसेसमधे मॅप असते, ती सोडली की फ्लश सगळ्या कोअरना जातो, आयसोलेटेड बिसोलेटेड काही बघत नाही, आणि हा फ्लश टीएलबीच्या ओळीत मोजलाच जात नाही, सरळ फंक्शन कॉल म्हणून जातो. कर्नल बिचारा बराच संयम ठेवतो, व्हीफ्री केलं की लगेच फ्लश न करता साठवत राहतो, ६४ कोअरच्या मशीनवर २२४ एमबी साठेपर्यंत, आणि मग एकदम सगळं साफ. पण त्या मशीनवर एक मॉनिटरिंगचा एजंट होता ज्याचं स्वतःचं कर्नल मॉड्यूल मोठे बफर सारखे घ्यायचं आणि सोडायचं, त्यामुळे २२४ एमबी बघता बघता भरायचे. स्टॅकमधे पर्ज व्हीमॅप एरिया लेझी दिसलं तर ही गोष्ट आठवा. त्या मशीनवरून एजंट काढला, झटके गेले, एजंटवाल्यांशी पत्रव्यवहार अजून चालू आहे.

व्हीएममधे असाल तर हे सगळं दुप्पट बोचतं. ज्या कोअरला माणूस पाठवला तो व्हर्च्युअल कोअर खालच्या होस्टने त्या क्षणी झोपवलेला असेल तर तो परत उठेपर्यंत पाठवणारा थांबून. म्हणून ४.१६ मधे केव्हीएमला (लिनक्सचा व्हीएम चालवणारा भाग) पॅराव्हर्च्युअल टीएलबी फ्लश आलं, झोपलेल्या कोअरसाठी चिठ्ठी ठेवून पुढे जायचं, तो उठेल तेव्हा आधी वही पुसेल. गेस्टमधे स्टील टाइम (होस्टने काढून घेतलेला सीपीयूचा वेळ) दिसतोय आणि शूटडाउनही दिसतायत तर आधी होस्टवाल्यांशी बोला. आर्म६४ वर टीएलबीची ओळ शोधत बसू नका, तिथे टीएलबीआय इन्स्ट्रक्शन हार्डवेअरच सगळ्या कोअरपर्यंत पोचवतं, आयपीआय लागत नाही, पण पूर्ण झालं का याची वाट डीएसबी या इन्स्ट्रक्शनवर बघावीच लागते. एएमडीच्या झेन ३ पासूनच्या एपिकमधेही इन्व्हलपीजीबी नावाची तशी सोय आहे आणि लिनक्समधे ती ६.१५ पासून, २०२५ साली, वापरात आली.

आमच्या टीममधल्या एकीने मस्त प्रश्न विचारलेला, कर्नल फ्लश पुढे का ढकलत नाही, सगळे साठवून एकदाच करायचे. करतो की, जिथे जमतं तिथे करतोच. एका एमअनमॅपमधली पानं गोळा करून एकच फ्लश होतो. मेमरी कमी पडून पानं बाहेर काढताना ४.३ पासून घाऊक फ्लश आहे. प्रत्येक ॲड्रेस स्पेसला एक पिढीचा आकडा असतो आणि प्रत्येक कोअर लक्षात ठेवतो की मी कुठल्या पिढीपर्यंत पुसलंय, त्यामुळे आधीच पुसून झालेलं असेल तर आलेला माणूस दारातूनच परत. कर्नल थ्रेड चालवणाऱ्या कोअरला बऱ्याचदा उठवतच नाही, तो परत त्या प्रोसेसकडे आला की बघू म्हणतो. ४.१४ पासून पीसीआयडी (नोंद कुठल्या ॲड्रेस स्पेसची ते सांगणारा आकडा) वापरून प्रोसेस बदलली तरी वही पुसत नाही, प्रत्येक कोअरवर ६ ॲड्रेस स्पेसच्या नोंदी एकत्र नांदतात.

पण पान दुसऱ्याला द्यायच्या आधी फ्लश व्हायलाच हवा, तिथे उधारी चालत नाही. २०१८ मधे बाहेर आलेला एमरीमॅपचा (मॅप केलेली मेमरी हलवणारा कॉल) बग आठवा, सीव्हीई २०१८-१८२८१. पेज टेबलाचं लॉक सोडल्यानंतर फ्लश होत होता, मधे एवढीशी फट, आणि त्या फटीत दुसऱ्या कोअरला जुन्या नोंदीवरून असं पान वाचता-लिहिता यायचं जे कर्नलने तोवर सोडून दुसऱ्या कामाला लावलेलं असू शकतं. ३.२ पासून होता तो, म्हणजे सहा-सात वर्षं कोणाच्या लक्षात नाही. त्यामुळे कोणी स्वतःच्या ड्रायव्हरमधे पीटीई, म्हणजे पेज टेबलातली नोंद, बदलून 'फ्लश नंतर करू' असं लिहिलेलं दिसलं तर रिव्ह्यूत तिथेच थांबवा, टेस्टमधे ते हजारदा पास होईल.

आता आमच्याकडे काय लावलंय ते सांगून थांबतो. टीएलबी आणि कॅल या दोन ओळींचा दर सेकंदाचा फरक ग्राफवर आहे, कोअरनिहाय, आणि अलार्म एकूण आकड्यावर नाही तर जास्तीत जास्त कोअरना एकदम सारखी वाढ दिसली की वाजतो. अलार्म वाजला की एक स्क्रिप्ट आपणहून दहा सेकंदांचा पर्फ घेते, रीझन ४ फिल्टर करून, आणि वरचे पाच स्टॅक ऑन-कॉलच्या चॅनेलवर टाकते, त्यामुळे आता फोन येतो तो "दादा, परत आलं" असा नाही, "दादा, केह्यूजपेजड आहे, मी बघतो" असा. त्या युनिट फाइलमधली १३१०७२ ची ओळ आम्ही पुसली नाही, कमेंट करून ठेवलीये, वर तारीख आणि खाली त्या पोराने लिहिलंय: ही ओळ उघडायची असेल तर आधी मला फोन करा, कितीही वाजले असले तरी.